डोक्याला पाणी वर्ज्य

रविवार, १२ डिसेंबर १९५४. सकाळी.

परतूरच्या मुलीचाही नकार आला. आमची लग्नं जमवणारे रामराव स्वतः सांगायला आले आणि दोन कप चहा पिऊन गेले. कारण विचारलं तर आधी म्हणाले पत्रिका, मग म्हणाले गोत्र. फारच खोदून विचारल्यावर म्हणाले की मुलीनं एवढंच विचारलं, मुलाच्या डोक्यावर ते काय आहे.

ते केस आहेत. कुरळे, दाट, आणि आमच्या अख्ख्या घराण्यात फक्त मला मिळालेले. कंगवा आत जातो पण बाहेर येताना दात कमी असतात. टोपी घातली तर ती टेकत नाही, वर तरंगत राहते.

शांतपणे विचार केला. नाक सरळ. उंची पुरेशी. जालन्यात कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत कारकुनी, कायम. मस्तगड भागात स्वतंत्र खोली. म्हणजे माझ्यात दोष असा नाहीच, जो आहे तो केसांत. पौषात कुणी मुलगी पाहत नाही. माघ लागला की अंबडच्या श्रीपतरावांची शरयू पाहायची आहे. मॅट्रिक पास. रामरावांनी फोटो दाखवला. परत मागितला तेव्हा मी तो दिला, पण जरा वेळानं. मुलगी मनात भरली आहे, हे इथे लिहायला हरकत नाही.

माझा फोटो मात्र पाठवला नाही. फोटोत केस कुठे संपतात ते कळत नाही.

निश्चय: माघापर्यंत केसांना माणसात आणायचं. घरगुती उपायांनी, सायन्टिफिक पद्धतीनं. कापायचे नाहीत. कापणं म्हणजे पळपुटेपणा.

सोमवार, १३ डिसेंबर

शिकेकाई आणि रिठा. फेस उत्तम. डोळे गेले होते, दुपारी परत आले. केस दुप्पट झाले. ही प्रगतीच म्हणायची, पण दिशा चुकली.

गुरुवार, १६ डिसेंबर

रात्री भिजवलेली मेथी पाट्यावर वाटून आंबट दह्यात कालवली आणि डोक्याला थापली. ऑफिसची वेळ झाली म्हणून तशीच ठेवून वर मफलर बांधला. अकराच्या सुमाराला मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना विचारलं की कढी कुणी उघडी ठेवली आहे. मी मफलर आणखी घट्ट केला. शास्त्रज्ञांना सुरुवातीला असंच सोसावं लागतं.

शुक्रवार, १७ डिसेंबर

साहेबांनी माझं टेबल हलवून मशीनच्या हॉलच्या दाराशी लावलं. म्हणाले, तिथं हवा खेळती आहे. जबाबदारीची जागा आहे. आत-बाहेर करणारा प्रत्येक हमाल माझ्यासमोरून जातो. बढतीची ही पहिली पायरी असावी.

रविवार, १९ डिसेंबर

भालचंद्र आला होता. ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा, म्हणजे टेबल हलण्याआधी. केस सरळ, तेल लावून मागे बसवलेले. माणूस चांगला, केस सामान्य. म्हणे, अरे शरद, साध्या पाण्यानं धूत जा आणि सोडून दे, चांगले दिसतात. असल्या लोकांमुळेच आपला देश मागे राहिला.

बुधवार, २२ डिसेंबर

शोध लागला. आणि तो घरमालकीण गोजरबाईंच्या चुलीवर लागला.

बाईंचा गुडघा धरला आहे, म्हणून त्या जवस शिजवून पोटीस बांधतात. पातेल्यात बुळबुळीत चीक उरला होता. बोटाला लावून पाहिला, मग केसाला. केसाची छान गुंडाळी झाली आणि ती तशीच राहिली. मी सगळं पातेलं मागून घेतलं. बाई म्हणाल्या, अवो बाबू, ते गुडघ्याचं हाय, डोस्क्याला काय करून राह्यले. मी त्यांना केसाची रचना समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, बराबर, पण पातेलं घासून आणा.

शुक्रवार, २४ डिसेंबर. सकाळी.

आरशात पाहिलं. विश्वास बसेना. एकेक कुरळा केस अंगठीसारखा गोल, चमकदार. वीस मिनिटं पाहत बसलो. ऑफिसला उशीर झाला, पण असल्या दिवशी होऊ द्यावा.

जवसाच्या चिकाला 'शरदकल्प' हे नाव ठेवलं. लग्नानंतर बाटल्यांत भरून विकता येईल.

शनिवार, २५ डिसेंबर

आज एक नियम सिद्ध झाला. न्हाणीघरात चुकून दोन तांबे डोक्यावर पडले आणि सगळी शिस्त वाहून गेली. म्हणजे केसांचा खरा शत्रू पाणी. माघापर्यंत डोक्याला पाणी वर्ज्य. रोज सकाळी शरदकल्पाचा नवा हात द्यायचा, जुन्यावरच.

मंगळवार, २८ डिसेंबर

झोपेत केस उशीवर घासतात आणि शिस्त मोडते. उपाय: बारीक बारीक वेण्या घालून वर फडकं बांधणे. गोजरबाईंकडून तीन पेडांची वेणी शिकून घेतली. त्यांनी विचारलं, बाबू, पोरगी पाहायला चालले का पोरगी व्हायला. आणि हसत बसल्या. अडाणी बाई, पण वेणी घट्ट घालतात.

गुरुवार, ३० डिसेंबर

वेण्या दिवसासुद्धा ठेवायच्या ठरवल्या. ऑफिसला मफलर बांधून जातो आणि हॉलच्या गरमीनं तिथे सोडून ठेवतो. दिवसभर रुईचे तंतू उडत असतात. संध्याकाळी सगळे लोक पांढरे होऊन घरी जातात आणि दाराबाहेर डोकी झटकतात. मी झटकलं तर काहीच पडत नाही. केसांवर बसलेली रुई आत जिरते. केसांना पोषण मिळतं आहे, याचा आणखी काय पुरावा हवा.

सोमवार, ३ जानेवारी १९५५

वेण्या सोडून पाहिल्या. पुढच्या सुटल्या. मागच्या सुटल्या नाहीत. कंगवा मोडला. तीन-चार वेण्या मिळून मनगटाएवढी एकच जाड वेणी झाली आहे. गुंता नाही, गुंता वेगळा. ही एकजूट आहे. शरदकल्प दुप्पट केला.

शुक्रवार, ७ जानेवारी

गोजरबाईंकडे देवीचं शाकंभरी नवरात्र चालू आहे. आरतीला बोलावलं म्हणून गेलो. वाकून नमस्कार केला तर मफलर सुटला आणि मागची वेणी पुढे आली. बाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. आधी वेणीला हळद लावली, मग कुंकू, मग पदर पसरून पाया पडल्या.

केस एवढे सुधारले असतील अशी मलासुद्धा कल्पना नव्हती.

शनिवार, ८ जानेवारी

सकाळपासून आळीतल्या बाया येऊन केस पाहून जात आहेत. झुंबरबाई नारळ घेऊन आल्या. प्रत्येकीला मी शरदकल्पाची कृती सांगितली: जवस एक वाटी, पाणी चार वाट्या, मंद आच. ऐकून घेतात, हात जोडतात आणि प्रसाद मागतात. बहुधा सॅम्पल म्हणायचं असावं. वाटीभर चीक दिला तर कपाळाला लावून गेल्या. कृती नीट ऐकलेली नाही.

गोजरबाई मला आता बाबू म्हणत नाहीत, महाराज म्हणतात. केस सुधारले की माणसाचा मान वाढतो, हे मी परतूरच्या नकारावरूनच ओळखलं होतं.

मंगळवार, ११ जानेवारी

रखमाजी हमालाचा बैल दोन दिवस दिसत नव्हता. रखमाजी माझ्या टेबलासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, महाराज, तुम्हीच सांगा, कुठं गेलाय. मी म्हटलं, कुंडलिका नदीच्या काठानं बघ, जनावर पाण्याकडेच जाणार. बैल तिथेच होता. संध्याकाळी साहेबांच्या टेबलासमोर कोणी नव्हतं, माझ्यासमोर रांग होती. साहेब लांबून पाहत होते. बढती नक्की.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत.

आज भालचंद्रनं एक विचित्र गोष्ट सांगितली. म्हणाला, शरद, तुला समजून न्हाई राह्यलं का? ती जट आहे. लोक समजून राह्यले की तुळजापूरच्या आईनं तुला धरलं. जट आली की माणूस देवीचा होतो. जट कापत नाहीत, आणि जटवाल्याला मुलगी कोण देईल?

मी त्याला जट आणि वेणी यांतला फरक समजावला. मग घरी येऊन वेणी सोडवून पाहिली. दोन तास पाहिली.

जट आहे.

शनिवार, १५ जानेवारी

घाबरायचं कारण नाही. अंबडला जायला पंधरा दिवस आहेत. आज तूप. जट मऊ न होता चकाकायला लागली. झुंबरबाई म्हणाल्या, तेज आलंय.

सोमवार, १७ जानेवारी

रॉकेल. बिडी ओढणारे लोक लांब बसायला लागले, बाकी फरक नाही. भालचंद्र म्हणाला, गरम पाण्यात भिजवून बघ. त्याला शेवटचं सांगितलं की पाण्यानं केसांची शिस्त जाते. आपलाच नियम आपण मोडायचा तर मग इतके दिवस केलं काय?

बुधवार, १९ जानेवारी

आता मन मोठं केलं आणि कापायचं ठरवलं. पळपुटेपणा नव्हे, माघार. कचरू न्हाव्याकडे गेलो. त्यानं जट पाहिली, कातर कापडात गुंडाळली आणि हात जोडले. म्हणाला, मला पोरंबाळं हायेत, महाराज. जुन्या जालन्यात दुसऱ्याकडे गेलो. मी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. त्यानं दुकान बंद केलं आणि फळीच्या आडून नमस्कार केला.

गुरुवार, २० जानेवारी

ऑफिसची कात्री घरी आणली. जट हातात धरली आणि गोजरबाई दारात आल्या. एवढं मोठ्यानं रडल्या की आळी गोळा झाली. म्हणाल्या, महाराज, तुमचं डोस्कं तुमचं असंल, पर कोप व्हईल तो आमच्या लेकराबाळांवर व्हईल. कात्री घेऊन गेल्या. आता दारात आळीपाळीनं कोणीतरी बसलेलं असतं.

बुधवार, २६ जानेवारी. सुट्टी.

उत्कृष्ट योजना सुचली. टोपी काढायचीच नाही.

जट वर गुंडाळून त्यावर मोठ्या मापाची काळी टोपी. मुलगी पाहायला गेलेला माणूस टोपी काढत नाही, उलट ते सभ्यपणाचं लक्षण. लग्न ठरलं की पुढचं पुढे. रामरावांना ताप आहे, म्हणून सोबत भालचंद्र येतो म्हणाला. शरयूचा विचार मनातून जात नाही. आज तीनदा नाव लिहिलं आणि कागद चुलीत घातला.

रविवार, ३० जानेवारी. संध्याकाळी.

जमलं.

नीट लिहून ठेवतो, कारण म्हातारपणी वाचायला बरं. दुपारी अंबडला पोचलो. श्रीपतरावांच्या घराची चौकट ठेंगणी आहे. भालचंद्र वाकून आत गेला. मी टोपीचा अंदाज घेऊन वाकलो, पण टोपीखाली काय काय आहे त्याचा अंदाज राहिला. टोपी बाहेर पडली आणि जट खांद्यावर आली. सकाळीच गोजरबाईंनी हळदीकुंकू लावलेलं होतं.

मी परत फिरणारच होतो. तेवढ्यात शरयूच्या आई, उषाबाई, पुढे आल्या आणि थेट पायांवर डोकं ठेवलं. मला पाटावर बसवलं, भोवती रांगोळी काढली, पाय धुतले. भालचंद्रला साधी सतरंजी. वरपूजा लग्नाच्या आधीच उरकली म्हणजे मंडळी किती उतावीळ असतील.

भालचंद्रला कांदेपोहे दिले. मला वाटीभर दूध आणि दोन केळी. जावयाच्या पोटाची काळजी.

शरयू आली. फोटोपेक्षा चांगली आहे. मला लांबून नमस्कार केला, वर पाहिलंच नाही. फार लाजाळू. लाज लपवायला सगळा वेळ भालचंद्रकडे पाहत होती.

मग उषाबाई हात जोडून म्हणाल्या, महाराज, आई आमच्या घरी चालत आली. आता तुम्हीच कौल द्या. पोरीला बराबर असा मुलगा कुठं हाय, कधी येईल.

सरळ "मी" म्हणणं मला बरं दिसेना. थोडा नाजूकपणा हवा. मी डोळे मिटले आणि सावकाश म्हणालो, मुलगा लांब नाही. तो आज जालन्याहून आला आहे. या घडीला तुमच्याच घरात बसला आहे. नोकरी कायम आहे, मन निर्मळ आहे. त्याला मुलगी पसंत आहे.

डोळे उघडले तेव्हा सगळे भालचंद्रकडे पाहत होते. त्याच्या तोंडात पोहे होते. त्याला ठसका लागला. शरयूनं पाणी आणून दिलं. किती प्रेमळ, नवऱ्याच्या मित्रालासुद्धा जपते.

श्रीपतराव चौकस आहेत. भालचंद्रचंही गोत्र विचारलं, पगार विचारला, आईवडील कुठे असतात ते विचारलं. माझं काही विचारलं नाही. विश्वास. परतीच्या मोटारीत भालचंद्र सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मित्राचं चांगलं झालेलं सगळ्यांनाच सोसत नाही.

बुधवार, २ फेब्रुवारी

रामराव तापातून उठून आले. म्हणाले, श्रीपतरावांनी होकार कळवला, फाल्गुनात बार उडवायचा. मी पेढे आणायला निघालो. ते म्हणाले, आणा, आणि भालचंद्रला पण द्या, नवरदेव तोच आहे.

मी म्हटलं, मुलगी पाहायला मी गेल्तो. ते म्हणाले, ते खरं, पण कौल पण तुम्हीच दिला. उषाबाईंनी गावभर सांगितलं की देवीनं पोहे खाणाऱ्याकडे बोट दाखवलं.

बोट दाखवलं नव्हतं. एवढी चुकीची माहिती कशी पसरते लोकांत, याचं आश्चर्य वाटतं.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

भालचंद्र आला. खाली मान घालून म्हणाला, तू फक्त म्हण शरद, मी बिलकुल न्हाई म्हणून टाकतो. मला मुलगी आवडली, खोटं काय बोलू. पण तू पाहायला गेल्तास.

खोलीत गोजरबाई, झुंबरबाई आणि आळीतल्या आणखी पाच-सहा बाया शुक्रवारच्या दर्शनाला म्हणून बसलेल्या. सगळ्या कान देऊन. आता मी म्हणायचं काय? की देवीबिवी कोणी बोललं नाही, मीच माझ्या लग्नाचं बोलत होतो आणि माझ्या डोक्यात जवस आहे? रांगेनं बसलेल्या त्या बायांकडे पाहिलं आणि मी म्हणालो, कर, सुखी हो. सगळ्यांनी हात जोडले. मला क्षणभर बरंही वाटलं. सगळे गेल्यावर नाही वाटलं.

रविवार, २७ फेब्रुवारी. अंबड.

लग्न झालं. मला मांडवात उंच पाटावर बसवलं होतं. पहिल्या अक्षता मी टाकल्या, कारण उषाबाईंचा तोच आग्रह. जोडी पाया पडायला आली. शरयू म्हणाली, महाराज, आशीर्वाद द्या. दिला. पूर्ण दिला, अष्टपुत्रासकट. मला जेवणात उपासाचा फराळ होता. पंगतीत जिलेबी होती.

रविवार, ६ मार्च. रात्री ९.

आठवडा झाला, शरदकल्प लावला नाही. कोणासाठी लावायचा? डोकं खाजत होतं. बंबात पाणी कढत होतं, घंगाळं भरलं आणि डोकं आत घातलं. बराच वेळ तसाच राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं, ते शिकेकाईमुळे. शिकेकाई घरात संपलेली आहे हे नंतर लक्षात आलं.

डोकं वर काढलं तर जट घंगाळात तरंगत होती. पिळून पाहिली. अर्धी तर रुईच निघाली, आपल्याच फॅक्टरीची.

वाटलं, आता आळीत गोंधळ होणार. गोजरबाईंनी जट परातीत घेतली, हळदीकुंकू वाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, आईचं काम व्हतं ते झालं, मंग गेली. त्या पोराचं लग्न लावायला आल्ती. संध्याकाळी वाजतगाजत कुंडलिकेत सोडून आल्या. मला परत बाबू म्हणायला लागल्या. पातेल्याची आठवण करून दिली.

रविवार, १३ मार्च. रंगपंचमी.

भालचंद्रनं स्टेशन रोडला बिऱ्हाड केलं आहे. चहाला बोलावलं. जाणार नव्हतो, पण न जाणं हा हलकेपणा दिसला असता. आठवडाभर साध्या पाण्यानं धुतलेले केस, वर काही नाही, टोपीसुद्धा नाही. जट होती तिथे मागे थोडी जागा मोकळी आहे, समोरून दिसत नाही.

शरयूवहिनींनी चहा आणला आणि पहिल्यांदाच वर मान करून माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. म्हणाल्या, अगंबाई, भावजी, किती सुंदर केस आहेत तुमचे. ती जट होती तव्हा दिसलेच न्हाईत. मला लहानपणापासून कुरळ्या केसांचं भारी वेड. आईला म्हटलं पण होतं, असाच मुलगा बघ म्हणून. मग नवऱ्याच्या डोक्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, पण देवीपुढं कोणाचं चालतंय.

भालचंद्रनं कपात पाहिलं. मी चहा संपवला, चांगला झालाय म्हणालो आणि उठलो.

घरी येऊन आरशासमोर बसलो. केस खरोखरच चांगले दिसत होते. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.